पहिला फोटो झाडाचा

दादूस, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, आता स्टुडिओचं काय करणार? उल्हासनगर कॅम्प चारचे शेजारचे दुकानदार, पालेगावची आपली भावकी, लग्नपत्रिका छापणारे ते सिंधी अंकलसुद्धा. झाडाचं कोणीच विचारलं नाही. वहिनी तेवढी ताटं आवरता आवरता हळूच म्हणाली, "आखिती गेली गो. मान राहिला." मानावरून तुझं-माझं भांडण अजून मिटलेलं नव्हतं, आणि तू मधेच उठून गेलास.

तुझी ती खोडच. चहा अर्धा टाकून उठायचं, गोष्ट अर्धी सोडून उठायचं, वर "पाच मिनटात आलो" म्हणायचं. तुझी पाच मिनिटं घड्याळात कधी बसली नाहीत. स्वतःच्या साखरपुड्याला तू इतक्या उशिरा पोचलास की वहिनीकडच्यांनी दुसऱ्यांदा आधण ठेवलं होतं. पुढे त्यावरून ती तुला किती वर्षं बोलली! एका बाबतीत तेवढी घाई केलीस, बघ. स्टुडिओच्या खुर्चीत बसल्या बसल्या, समोर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या. मी आतल्या खोलीत कुणाचा तरी अल्बम करत होते. मला वाटलं, डुलकी लागली असेल. मी तुला उठवायला आले ती चिडूनच आले होते. तो राग आता कुठे ठेवू ते मला कळत नाही.

वहिनीची भीती मात्र मला कळते. तू गेल्यापासून ती तिन्हीसांजेला दार लावून कडी घालते. आधी मला वाटलं, एकटी बाई, साहजिक आहे. मग समजलं की ती चोराला नाही, चेड्याला भिते.

चेडा म्हणजे आपल्या शेताचा राखणदार. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही, कांडोळाच्या झाडाच्या बुडाशी ठेवलेला एक गोल दगड तेवढा. वर्षातून एकदा, आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचा मान. दगडाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा, अर्धा तिथे ठेवायचा, अर्धा घरी आणून सगळ्यांनी खायचा. इतकं साधं देणं. पण ते चुकलं तर तो स्वतः घरी येऊन मागतो, असं आपली आत्या सांगायची. काय मागतो ते ती सांगायची नाही. लहानपणी आपण दोघं अंथरुणात पडून त्याचे अंदाज बांधायचो. तू मुद्दाम दाराची कडी वाजवायचास आणि मी किंचाळायची.

टेकडीवरचं शेत बाबांनी खाणीला दिलं, तेव्हा तू त्यांच्या मागे उभा होतास आणि मी दारात. बाबांनी एकच अट घातली. "सगलं न्या. दगर न्या, माती न्या. झाराला हात लावाचा नाय." खाणवाल्याने शब्द दिला. आणि दुखणं हेच की त्याने तो पाळला. झाडाला हात लावलाच नाही. झाडाच्या चारी बाजूंनी मुरूम गेला, मुरमाखालचा काळा दगड गेला, सुरुंग उडाले, डंपर भरभरून टेकडी निघून गेली. मधे राहिला एक सुळका, तीनमजली बिल्डिंगएवढा उंच, कडा सरळ कापलेल्या. त्याच्या डोक्यावर कांडोळाचं झाड आणि झाडाखाली चेडा. बाबांनी झाड मागितलं होतं, वाट मागितली नव्हती. वाटसुद्धा कुणी उचलून नेऊ शकतं हे शेतकरी माणसाच्या डोक्यात येणार तरी कुठून?

त्या पहिल्या आखितीला बाबा खाणीच्या कडेला उभे राहिले आणि नारळ भिरकावला. पाखरं हाकायला गोफण फिरवलेला हात होता तो, पण नारळ सुळक्याच्या अलीकडेच गळपटला आणि खाली गेला. खालून आवाज आला तो बऱ्याच वेळाने. तू हसलास, तुझं बघून मीही हसले. बाबा हसले नाहीत. पुढे दर वर्षी ते नुसतेच हात जोडून कडेला उभे राहायचे, आणि घरी आले की जेवायचे नाहीत. मरताना तुझा हात धरून म्हणाले, "त्याचं देणं राह्यलंय रं." तू म्हणालास, "मी बघतो." तू असं मोघम बोललास की मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला बोलतो आहेस.

मग खाण बंद पडली आणि तुझं डोकं सुरू झालं. प्री-वेडिंगचं वेड नुकतंच आलेलं. तू उल्हासनगरच्या पोरापोरींना गाडीत घालून खाणीवर न्यायला लागलास. उन्हाळ्यात ती जागा खरंच आपल्याकडची वाटत नाही. तांबड्या मुरमाच्या भिंती, त्यावर जेसीबीच्या दातांचे आडवे ओरखडे, तळाला भेगाळलेला चिखल, हिरवं म्हणून एक पातं नाही. आणि मधोमध उंचावर ते एकटं झाड, साल हाडासारखी पांढरी, फांद्यांना एकही पान नाही. पोरी गाडीतून उतरायच्या आणि ओरडायच्या, "अंकल, ये तो राजस्थान है!" तू म्हणायचास, "राजस्थान क्यूं, फॉरेन बोलो." पालेगावचे नवे टॉवर मागे डोकावायचे, ते खोडायचं काम माझं. विजेच्या तारा, प्लास्टिकच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, सगळं मी घासून घासून काढायची आणि आपल्याच शेताचं वाळवंट लोकांच्या दिवाणखान्यात जायचं.

पण तुझा एक नियम होता. "पहिला फोटो झाडाचा. तुम्ही बाजूला व्हा." पहिल्या फोटोत माणूस नको, पदराचं टोक नको, सावलीसुद्धा नको. गिऱ्हाइकांना वाटायचं, मोठा कलाकार दिसतो. मला राग यायचा. मुलगी मेकअप करून उन्हात उभी, लेहेंग्याखाली पाय भाजतायत, आणि तू आपला गुडघा चोळत रिकाम्या झाडावर कॅमेरा रोखून बसलेला.

"देवाला फोटो लागतो का रे?" मी एकदा विचारलं.

"हात पोचत नाय तिथे लेन्स पोचते," तू म्हणालास. "तेवढा तरी मान."

"तो नारळ मागतो, फोटो नाही."

"तू टॉवर काढ ना तुझे," तू म्हणालास.

आणि मग तो शेंदूर. आखितीनंतरचं पहिलंच शूट होतं. मी कॉम्प्युटरवर झाडाचा फोटो मोठा करून मागची क्रेन खोडत होते. झाडाच्या बुडाशी आले आणि हात थांबला. दगड लाल होता. जुना, वाळलेला, पोपडे आलेला लाल नाही. तेलात कालवून नुकताच थापल्यासारखा, उन्हात चकाकणारा. त्याच्या पुढ्यात अर्धा नारळ, आतून पांढराशुभ्र. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मूळ फोटो पाहिला. त्यातही तसंच. माझ्या मानेवर काटा आला. खोलीत एसी नव्हता, एप्रिल सरत आला होता.

तू बाहेर ग्लासांत चहा ओतत होतास.

"दादूस, दगडाला शेंदूर आहे."

"असंल."

"असंल काय? तिथे गेलं कोण?"

"ज्याला जायचं तो गेला असंल."

"तू गेलास?"

तू ग्लास माझ्यापुढे ठेवलास, माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालास, "वाट कुठाय?"

झालं. त्यानंतर दर वर्षी तेच. आखितीनंतरच्या पहिल्या फोटोत दगड लाल, पुढ्यात अर्धा नारळ, आणि माझं-तुझं भांडण. मी म्हणायची, कुणाचा तरी ड्रोन असेल. तू म्हणायचास, ड्रोन नारळ फोडायला लागला का आता? मी म्हणायची, तूच काहीतरी फोटोत करतोस. तू म्हणायचास, मला माउस तरी धरता येतो का? तेही खरंच होतं. चढून जावं तर तुझा तो दुखरा गुडघा. स्टुडिओच्या माळ्यावर स्टँड ठेवायचे तरी तू मला चढवायचास आणि खालून शिडी धरून "पडशील गो, पडशील" करत राहायचास. तो माणूस सरळ कापलेला सुळका चढेल? भांडण तिथेच अडायचं. मला उत्तर हवं होतं आणि तू मला नुसता प्रश्न परत करायचास.

खरं सांगते, मला भीती वाटायची. मी नास्तिक आहे, अमुक आहे, असं काही म्हणत नाही, शिवमंदिरात सोमवारी मीही जाते. पण अंबरनाथच्या महादेवाकडे जायला रस्ता आहे, पायऱ्या आहेत, बाहेर चपला सांभाळणारी बाई आहे. इकडे काहीच नव्हतं. कुणाचा पाय लागू शकत नाही अशा जागी कुणीतरी वर्षातून एकदा येतं, वाकून शेंदूर लावतं, नारळ फोडतं आणि निघून जातं. हा विचार मनात आला की मी फोटो लहान करून टाकायची. पुढे पुढे तर झाडाचा तेवढा भाग मोठा करून बघणंच मी सोडलं. तू विचारायचास, "बघितलंस?" मी म्हणायची, "हो. आहे." मग तू खूष होऊन गुणगुणत फिरायचास. तुझा तो आनंद मला जास्तच खटकायचा.

आता ऐक. तुला जाऊन महिना होत आला आणि मुस्कान-हितेशचं शूट तोंडावर आलं. बुकिंग तू घेतलेलं. मी त्यांना फोन करून म्हटलं, दुसरा फोटोग्राफर बघा. मुस्कान म्हणाली, "दीदी, अंकल ने बोला था वो पेड़ वाला फोटो दूंगा. हमको आप ही चाहिए." मला नाही म्हणता आलं नाही. वहिनी म्हणाली, जा. मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, "बघून ये गो. मान कोणी दिला का तेवढं बघून ये."

चार वाजता पोचलो. गाडीचं इंजिन बंद केलं आणि ती शांतता आली. तुला माहीत आहे ती कशी असते. पलीकडे टॉवरचं काम चालू असतं, हायवेवर ट्रक असतात, पण कडेच्या आत पाऊल टाकलं की कानात बोळे घातल्यासारखं होतं. वारा होता, माझी ओढणी उडत होती. झाडाची एक काडी हलत नव्हती. मी तुझ्यासारखंच म्हटलं, "पहला फोटो पेड़ का. आप लोग साइड में." दोघं निमूट बाजूला झाली. तुझा कॅमेरा हातात जड लागला. पट्ट्याला अजून तुझ्या घामाचा वास होता, आणि मला तिथेच रडू फुटलं. हितेश बिचारा पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

डोळे पुसून फोटो काढला आणि तिथल्या तिथे मोठा करून बघितला. कित्येक वर्षांनी बघितला.

दगड कोरडा होता.

राखाडी, धूळ बसलेला. मागल्या वर्षीच्या शेंदराचे दोन-चार पोपडे, बाकी काही नाही. नारळ नाही, करवंटीचा तुकडा नाही. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. आणि मग सगळं एकदम डोक्यात आलं. आखितीला जेवण झालं की तू "लाइट बघून येतो" म्हणून एकटा निघायचास. परत यायचास तेव्हा चपला तांबड्या, पिशवीत ओल्या नारळाचं अर्धं भकल. "शिवमंदिराबाहेर प्रसादाचा मिळाला," म्हणायचास. वहिनी ते खवून भाकरीबरोबर आम्हा सगळ्यांना वाढायची. मीही खाल्लं, दर वर्षी. अर्धा तिथे, अर्धा घरी. डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. लोकांच्या फोटोत न दिसणारी तार शोधून काढणारी मी!

म्हणजे तूच होतास. बाबांना दिलेला शब्द तू गाजावाजा न करता पाळत होतास आणि मला वेड्यात काढत होतास. कडेला उभी राहून मी आधी हसले, मग इतका राग आला तुझा. कारण उरलेलं कोडं तू बरोबर घेऊन गेलास. त्या गुडघ्याने तू जायचास कुठून? मी कडेकडेने चालत पूर्ण फेरी मारली, ती दोघं गाडीपाशी माझी वाट बघत होती. कुठे पायऱ्या नाहीत, खाचा नाहीत, दोर नाही, पलीकडे टाकलेली फळी नाही. चारी बाजूंनी नुसता कडा. मी ओरडले, "दादूस! मान राहिला रे!"

त्या खाणीत शिंकलं तरी आवाज परत येतो. आपण लहान असताना एकमेकांच्या नावाने हाका मारून तो खेळ खेळलो आहोत. त्या दिवशी माझी हाक गेली ती परत आलीच नाही. मी थांबले, जरा जास्तच थांबले. मुस्कान म्हणाली, "दीदी, लाइट जा रही है."

मग काम केलं. तुझ्यासारखं नाही जमलं, पण बरं झालं. सूर्य टॉवरमागे जाईपर्यंत फोटो काढत होते, शेवटचा तर दोघांना पाठमोरं उभं करून, दूर झाड, असा. घरी आले तर वहिनी दाराच्या फटीतून बघत होती. मी म्हटलं, "कोणी दिला नाही." तिने कडी घातली आणि देवापाशी जाऊन बसली. तिला धीर द्यायला तुझी थाप तरी कुठून आणू? त्यानंतरच्या संध्याकाळी आम्ही दोघी बंद दाराआड एकमेकींकडे न बघता भाजी निवडत बसायचो.

काल अल्बमला बसले. टॉवर काढले, तारा काढल्या, क्रेन काढली. शेवटून सुरुवात केली होती, तो पाठमोरा फोटो. झाडाच्या बुडाशी आले आणि दादूस, माझा हात पुन्हा थांबला.

दगड लाल होता.

मला मावळतीचा लाल ओळखता येतो. तो सगळ्यावर सारखा पडतो, झाडावर, मुरमावर, मुस्कानच्या पाठीवर. हा तसा नव्हता. फक्त दगड लाल, ओला, चकाकणारा. पुढ्यात अर्धा नारळ, आतून पांढरा. मी त्याच दिवसाचा पहिला फोटो शेजारी उघडला. तोच दगड, तीच फांदी, तीच धूळ. पहिल्यात कोरडा, शेवटच्यात शेंदूर. मधल्या वेळात आम्ही तिघंच तिथे होतो आणि आमच्यातलं कोणी कुठे गेलं नव्हतं.

नेहमीसारखा फोटो लहान करून टाकला नाही. बराच वेळ बघत बसले. भीती वाटली, खोटं का बोलू. पण त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. तू स्टुडिओच्या पायऱ्या चढताना कठडा धरून सुस्कारा टाकायचास, तो ऐकला की मला कसं वाटायचं, तसं. आला एकदाचा.

मुस्कानला फोटो बघायला पाठवला. तिचा लगेच मेसेज आला, "दीदी बहुत सुंदर, बस पेड़ के नीचे वो लाल सा कुछ है, वो निकाल देना." मी लिहिलं, "वो नहीं निकलेगा." आजवर एवढे अल्बम केले, पण गिऱ्हाइकाला असं उत्तर पहिल्यांदाच दिलं.

आज सकाळी वहिनीला फोटो दाखवला. तिने पडद्यावरच्या दगडाला बोट लावलं आणि बोटाकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले. बारीक आवाजात म्हणाली, "अर्धाच हाय गो. दुसरा अर्धा?"

मी तिला समजावलं, आता तिन्हीसांजेला कडी घालू नकोस. दार उघडं ठेव, ओट्यावरचा दिवा लाव, खोबरं खवायची विळी काढून ठेव. तुझं काय, दादूस, तू येशील. तुला नेहमी उशीर होतो.